फोन लागेपर्यंत थांबणारं पत्र

सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम घालायची, हा अभियंत्यांचा प्रश्न वाटतो. पण १९८६-८७च्या सुमारास जुहूची एनसीएसटी ही सरकारी संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात ई-मेल सुरू झाली, तेव्हा त्याचं उत्तर आपल्या टेलिफोननंच दिलं असं मला वाटतं. लाइन मिळेल याची खात्री नाही, मिळाली तर टिकेल याची नाही. युनिक्सवर यूयूसीपी नावाची सोय होती. पत्र यंत्रातच रांगेत थांबायचं, फोन लागला की पुढं जायचं. कायमची जोडणी लागत नसे. गरिबाघरी चालेल अशी व्यवस्था! शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेटची सुरुवात अशी झाली.

१५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलनं इंटरनेट सर्वांना खुलं केलं. विद्यार्थ्यांचं स्वस्त खातं म्हणजे युनिक्सचा नुसत्या अक्षरांचा पडदा. अक्षरंही रोमन. उर्दू काय, मराठी काय, दोघींना परक्या लिपीतच बाहेर पडावं लागे.

मग युनिक्सच बदलायची? चालती यंत्रणा कोण मोडणार! तोडगा १९९२मध्येच निघाला होता, युनिक्स जिथं जन्मली त्या बेल प्रयोगशाळेत. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांच्या यूटीएफ-८मध्ये रोमन अक्षर पूर्वीसारखंच एका बाइटचं राहिलं. उर्दूच्या ‘बे’ला दोन बाइट, मराठीच्या ‘ब’ला तीन. जुनं काही मोडलं नाही.

एनसीएसटी पुढं सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिची एक इमारत आम्हा उलवेकरांना जवळच, खारघर स्थानकासमोर आहे. आज मी एकाच फाइलमध्ये डावीकडून मराठी आणि उजवीकडून उर्दू लिहितो. ती जिथं साठते तो सर्व्हर बहुधा लिनक्सचा असतो, युनिक्सच्याच वळणावर गेलेला.