गोदाकाठची माती आणि पोलादाची मूस

परभणी जिल्ह्याची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली आहे. भिजली की ती फुगते, वाळली की भेगाळते, आणि लोह-चुन्याचे प्रमाण जास्त असल्याने कडक आचेत टिकत नाही. लोखंड वितळवण्याची मूस तिच्यातून होणे नाही.

गोदावरी पाथरी, गंगाखेड, नांदेड मागे टाकून पूर्वेला उतरते, तसा बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो. त्याच्या झिजेतून आग सोसणारी माती मिळते. ज्वारीची जागा तळ्याच्या पाण्यावरचा भात घेतो. तिथेच, निजामाबादजवळच्या कोनासमुद्रम गावी मुशीतल्या पोलादाचा धंदा भरभराटला. परभणीप्रमाणे हा मुलूखही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. भूवैज्ञानिक हेन्री व्हॉयसीने पाहिलेल्या या पोलादकामाचे वर्णन १८३२ मध्ये कलकत्त्याला छापले गेले. इराणी व्यापारी येथे येऊन पोलाद विकत घेत, त्याच्या तलवारी होत.

खरी करामत मुशीच्या भिंतीत होती. मातीत भाताचे तूस भरपूर कालवत. तुसाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा राख, आणि त्या राखेत ९० टक्क्यांहून अधिक सिलिका. भट्टीत हवा अपुरी, म्हणून तूस पुरते जळत नाही. कोळसा आणि सिलिकेचा सांगाडा मागे उरतो. १,२०० अंशांपुढे मातीतल्या ॲल्युमिना व सिलिकेपासून म्युलाइटच्या बारीक सुया वाढतात आणि काचेसारख्या भरणीत गुंफल्या जातात. भिंत काळी, छिद्राळ दिसते, पण तडा गेला तरी तो सरळ धावत नाही.

१९९० च्या सुमारास संशोधक थेल्मा लो यांनी सहकाऱ्यांसह या मुशींचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यांना तंतूंनी बळकट केलेले सिरॅमिक संमिश्र ठरवले. कारागिरांना म्युलाइट ठाऊक नव्हते, पण मिश्रणाची जाण जुनीच होती: रसरत्नसमुच्चय या जुन्या संस्कृत रसशास्त्रग्रंथात मुशीच्या मातीत जळके तूस, ताग आणि घोड्याची लीद घालायला सांगितली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेसेमरचे स्वस्त पोलाद आले आणि मुशींच्या भट्ट्या थंडावल्या. तूस मात्र पुन्हा प्रयोगशाळेत पोहोचले: १९७३ मध्ये अमेरिकेत आयव्हन कटलर यांनी त्यापासून सिलिकॉन कार्बाइड तयार करण्याचे पेटंट घेतले.