पंतोजी, पोथी आणि सहवाचन

सहकार हा शब्द उच्चारतांच नगर जिल्ह्यांतील माणसास प्रवरानगर आठवतें. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानें तेथें उभा राहिलेला साखर कारखाना 1950 सालीं सुरू झाला, आणि ज्यानें त्यानें आपापला ऊंस आणून सर्वांचें काम चालवावें ही कल्पना घरोघर पोंचली. माध्यमिक शाळेच्या वाचनाच्या तासांत मात्र ती फारशी शिरलेली दिसत नाहीं.

वस्तुतः मुलानें मुलास शिकविणें आपणांस नवें नव्हे. पंतोजीच्या शाळेंत मोठीं मुलें लहानांकडून धूळपाटीवर अक्षरें गिरवून घेत. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेंत अँड्र्यू बेल यांनीं देशी शाळांतील वाळूंत अक्षरें काढण्याची रीत उचलली, मुलांनाच शिक्षक केलें, व 1797 सालीं त्यावर पुस्तक छापलें. पुढें एल्फिन्स्टनच्या काळांत मुंबईच्या शिक्षणमंडळीनें ह्याच धर्तीची पद्धति आपल्या शाळांत आणली. आमचीच रीत विलायतेचें पाणी पिऊन परत आली म्हणावयाची! पण तींत भर होता तो अक्षरांवर आणि पाढ्यांवर. मोठा मुलगा हा धाकटा पंतोजीच. लहानग्याजवळ त्याला देण्याजोगें कांहीं नसे.

अर्थाची उकल होई ती शाळेबाहेर, पोथीपुढें. ज्या जिल्ह्यांत नेवाशास 1290 सालीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि ताहराबादेस 1762 सालीं महिपतींचा भक्तिविजय पुरा झाला, तेथें ही परंपरा खोल असावी यांत नवल नाहीं. एकानें ओवी वाचावी, दुसऱ्यानें अर्थ सांगावा, एखाद्या निरक्षर म्हातारीनें अडलेला शब्द विचारावा, कीं वाचन थांबे. सहवाचनाचें खरें मूळ मला येथें दिसतें. अर्थात् त्या ओसरीवर सर्व जातींस जागा नव्हती, हें विसरतां येत नाहीं.

नेमका हाच प्रश्न अमेरिकेंतील ऑस्टिन शहरीं 1971 सालीं उभा होता. वेगवेगळ्या वंशांचीं मुलें नुकतींच एका वर्गांत आलीं होतीं व एकमेकांस दुरावलेलीं होतीं. एलियट अ‍ॅरन्सन यांनीं धड्याचे तुकडे केले आणि गटांतील प्रत्येकास एकच तुकडा दिला. ज्याचें बोलणें कोणी ऐकत नसे, त्याच्यावांचून आतां इतरांचा धडा पुरा होईना. त्याला प्रश्न विचारणें भाग पडलें. पालिन्सार व ब्राउन ह्या विदुषींनीं 1984 सालीं मांडलेल्या पद्धतींत तर मुलेंच पाळीपाळीनें प्रश्न काढतात, अडलेलें सोडवितात, सार सांगतात आणि पुढें काय येईल याचा तर्क करतात. त्या म्हातारीचा अडलेला शब्द येथें पुन्हा मानानें विचारला जातो.

नेवाशाच्या एखाद्या आठवीच्या वर्गांत असा प्रयोग करावयाचा तर चौघांचे गट पुरे. फक्त शिक्षकानें एवढें करावें, कीं अडखळत वाचणाऱ्या मुलाच्या हातीं गोष्टीचा शेवट द्यावा, आणि तो तयारी करीपर्यंत धीर धरावा.