शंका, वासना आणि शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’

माणसाच्या आत्म्यावर दोन बाजूंनी चाल होते, असे इस्लामी धर्मचिंतनात मानले आहे. एक बाजू शंकेची आणि दुसरी वासनेची. शंका माणसाची समजूत पोखरते, वासना त्याचा निश्चय मोडते. अरबी भाषेत पहिलीला ‘शुबहा’ म्हणतात आणि दुसरीला ‘शहवत’. ‘शक-शुबहा’ हा जोडशब्द आपल्या कानावरून गेलेला असतोच. पण ‘शुबहा’चा मूळ अर्थ मोठा मार्मिक आहे. ‘सारखे दिसणे’ हा तो अर्थ. खोटे जेव्हा खऱ्यासारखे दिसू लागते तेव्हा शुबहा उत्पन्न होतो. बाजारात खोटा रुपया चालतो तो खऱ्यासारखा दिसतो म्हणूनच ना? तसेच हे.

ही शिकवण अरबस्तानात, इराणात सांगितली गेली हे ठीक. पण ती मराठीत, आपल्या ओवीत, कोणी सांगितली का? सांगितली. सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी, श्रीगोंद्यास, शेख महंमद नावाच्या संताने. त्यांच्याकडे वळण्याआधी मूळ विचार थोडा पाहू या.

कुराणात मनाला ‘नफ्स’ असा शब्द आहे आणि त्याच्या तीन अवस्था आलेल्या आहेत. पहिली, वाईटाकडे ओढून नेणारे मन. दुसरी, चूक झाली की स्वतःलाच बोल लावणारे मन. तिसरी, शांत झालेले मन. पहिल्या अवस्थेतून तिसरीपर्यंत जायचे तर झगडावे लागते. या झगड्याला सूफी लोक ‘मुजाहदा’ म्हणतात. ‘जिहाद’ हा शब्द ज्या धातूपासून निघाला त्याच धातूपासून हाही निघाला आहे. म्हणजे लढाई तर आहेच, फक्त शत्रू घरातला आहे.

शंकेचे आणखी एक रूप म्हणजे ‘वसवसा’, कानाशी लागून केलेली कुजबुज. कुराणाचा शेवटचा अध्याय ही कुजबुज करणाऱ्यापासून आश्रय मागणाराच आहे. मात्र प्रत्येक प्रश्नाला शंका म्हणून हाकलून द्यावे, असे कोणी सांगितलेले नाही. पैगंबरांच्या सोबत्यांनी एकदा त्यांच्याजवळ तक्रार केली, की आमच्या मनात असे विचार येतात की ते उच्चारण्याचीही आम्हाला भीती वाटते. त्यावर पैगंबरांनी त्यांना धीर दिला. ही भीती वाटणे हेच श्रद्धेचे लक्षण आहे, असा त्या उत्तराचा आशय आहे. जाणत्यापाशी जाऊन विचारला तो प्रश्न. कोणालाच न विचारता आत घोळवत ठेवला, त्याचा वसवसा होतो.

या दोन्ही शत्रूंशी एकाच माणसाची कशी गाठ पडली, हे इमाम गझालींच्या चरित्रात दिसते. गझालींचा जन्म 1058 मधला, इराणातल्या तूस गावचा. 1091 मध्ये ते बगदादच्या निजामिया विद्यालयात मुख्य अध्यापक झाले. त्यांनी पुढे आपली आत्मकथा लिहिली आहे. तीत ते सांगतात, की डोळ्यांनी दिसते ते खरे की नाही, बुद्धी सांगते ते तरी खरे कशावरून, इथपर्यंत एके काळी त्यांची शंका गेली. सुमारे दोन महिने हा आजार टिकला. त्यातून ते सुटले. पण शंका फिटली तरी वासना उरलीच होती. आपण शिकवतो ते ईश्वरासाठी नसून नावलौकिकासाठी, हे त्यांना कळले. कळले, तरी पाय निघेना. सहा महिने ओढाताण चालली. शेवटी वर्गात उभे राहिले तर तोंडातून शब्द फुटेना. 1095 मध्ये ते सगळे सोडून बगदादबाहेर पडले.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. शंकेवरचे औषध वासनेला लागू पडत नाही. दमास्कसचे पंडित इब्न कय्यिम (1292 ते 1350) यांनी हे नेमके सांगितले आहे. शंकेला उतारा निश्चित ज्ञानाचा आणि वासनेला उतारा सबुरीचा. ‘सबुरी’ हा शब्द आपण मराठीत किती सहज वापरतो! तो मूळचा अरबी ‘सब्र’. रमजानच्या रोजाला हदीसमध्ये ढालीची उपमा दिली आहे, तीही याच अर्थाने.

आता आपल्या मुलखात येऊ. पुण्याहून दौंडवरून भीमा ओलांडली की श्रीगोंदे लागते. जुने नाव चांभारगोंदे. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेले शेख महंमद येथे राहिले आणि येथेच त्यांची समाधी आहे. त्यांची परंपरा सूफींच्या कादिरी पंथाची आणि गुरू चांद बोधले. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य, असे परंपरा मानते. जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथ. म्हणजे नाथांचे गुरू आणि शेख महंमद हे गुरुबंधू झाले. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनी शेख महंमदांना गुरू मानून श्रीगोंद्यास मठासाठी जागा दिली, असेही सांगतात.

तो काळ कसा होता? 1630 ते 1632 या सालांत दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. 1636 मध्ये निजामशाही बुडाली. इकडे विजापूरच्या मुरार जगदेवाने 1630 च्या सुमारास पुणे जाळले, गाढवाचा नांगर फिरवला, अशी आठवण लोकांनी जपली आहे. पुण्याच्या पश्चिमेला बावधनच्या टेकड्या ओलांडून पौडच्या खोऱ्यात उतरावे, तो सगळा मावळचा मुलूख. तिथल्या घराघरांतून माणसे कोणा ना कोणा सरदाराच्या चाकरीत तलवार बांधून जात. आज निजामशाहीकडून, उद्या आदिलशाहीकडून, परवा मोगलांकडून. घोडा, स्वार, किल्ला, पहारा, फितुरी हे शब्द तेव्हाच्या मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यातले होते.

नेमक्या अशा काळात, 1645 मध्ये, शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ पुरा केला. अठरा प्रसंगांचा आणि दोन हजारांवर ओव्यांचा हा ग्रंथ. त्यातली मध्यवर्ती कल्पना सोपी आहे. आत्मा हा स्वार आहे, विकार हे त्याचे शत्रू आहेत आणि हा संग्राम जिंकून त्याला ईश्वराकडे पोचायचे आहे. सूफींचा ‘मुजाहदा’ मराठीत आला तो ‘संग्राम’ होऊन आला. ‘नफ्स’ हा शब्द श्रीगोंद्याच्या बाजारातल्या कुणब्याला कळला नसता. पण लढाईवर जाणारा स्वार त्याने डोळ्यांनी पाहिला होता. घोड्यावरची मांड सुटली तर काय होते, हे त्याला कोणी शिकवायला नको होते.

शंकेचा प्रश्न शेख महंमदांच्या बाबतीत पुस्तकी नव्हता. जन्माने मुसलमान, ओवी मराठी, आणि ईश्वराला हाक मारताना तोंडी हिंदूंची नावेही येत. मग लोक विचारणारच, की हा नक्की कोण? स्वतःला ते ‘अविंध’ म्हणवत, आपली जात लपवत नसत आणि हृदयात गोविंद आहे असेही सांगत. दोन्हीकडून बोट दाखवले जात असताना माणूस दोन चुकांपैकी एक करतो. एक तर कोणा एका बाजूला खूश करण्यासाठी बोलणे बदलतो, ही वासना. नाहीतर आपल्याच अनुभवावरचा विश्वास गमावतो, ही शंका. त्यांनी दोन्ही टाळले, हे त्यांच्या रचना वाचल्यावर पटते.

त्यांच्या टीकेचा रोख पाहा. ढोंगी गुरूंवर ते तुटून पडतात. बळी मागणाऱ्या दैवतांची आणि त्यांच्या नवसांची ते गय करीत नाहीत. याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. नवसात शंका आणि वासना दोघी हातात हात घालून येतात. वासना मागते, आणि मागितलेले मिळेल की नाही ही शंका आली की ती सौदा करते. अमुक दे, मग तमुक देईन. सौदा करणाऱ्याची श्रद्धा ईश्वरावर नसते, सौद्यावर असते. ढोंगी गुरूचे दुकानही याच दोन मालांवर चालते. भीती दाखवायची आणि आशा विकायची. म्हणूनच खरा गुरू पारखून घ्यावा, यावर सूफी आणि वारकरी दोघांचा सारखाच भर आहे. शंका फेडायला जाणता लागतो. वासना आवरायला रोजचा नेम लागतो. सूफी त्याला ‘जिक्र’ म्हणतात, वारकरी नामस्मरण म्हणतात. रीत निरनिराळी, काम तेच.

पुढच्या काळाने शेख महंमदांना विसरू दिले नाही. समर्थ रामदासांच्या नावावर त्यांच्या स्तुतीचे पद आहे. महिपतींनी ‘भक्तविजया’त त्यांची कथा सांगितली. अठराव्या शतकात शहामुनींनी ‘सिद्धांतबोध’ लिहून मुसलमान संतकवींची ही मराठी वाट पुढे नेली. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी 1959 मध्ये ‘योगसंग्राम’ संपादून प्रसिद्ध केला आणि रा. चिं. ढेरे यांनी 1967 मध्ये ‘मुसलमान मराठी संतकवी’ हा ग्रंथ लिहिला. त्यामुळे आज हा सगळा ठेवा वाचकांच्या हाताशी आहे.

तो वाचताना एवढे लक्षात ठेवावे, की आपल्याला छळते आहे ती शंका की वासना, हे आधी ओळखले पाहिजे. पुष्कळदा वासना शंकेचा वेष घेऊन येते. नेम मोडायचा असतो, म्हणून नेमाच्या खरेपणाविषयी तर्क सुरू होतात. अशा वेळी पोथ्या धुंडाळून काय उपयोग? तिथे सबुरीच हवी. आणि खरोखरच काही उमगत नसेल, तर नुसते उपास करून ते उमगणार नाही. तिथे जाणत्यापाशी जाऊन विचारलेच पाहिजे. बाहेर पुणे जळत होते, राज्ये बुडत होती, दुष्काळात माणसे मरत होती, अशा दिवसांत श्रीगोंद्याच्या या संताने आतल्या लढाईचा ग्रंथ लिहिला. बाहेरची लढाई त्यांना दिसत नव्हती असे नव्हे. पण तीही अखेर माणसांच्या आवरता न आलेल्या हावेतूनच उठते, हे त्यांनी ओळखले असले पाहिजे.