‘कुशी’ आणि ‘कुश्टी’: एका ‘ट’चं अंतर

इंग्रजी बोलीत ‘कुशी’ म्हणजे आरामाचं, अंगाला तोशीस न लागणारं: ‘कुशी जॉब’. ‘कुश्टी’ म्हणजे झकास. ही लंडनकडची दाद ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ (१९८१) या बीबीसी मालिकेतल्या डेल बॉयने घरोघरी पोचवली. घाम गाळायला लावणारी नोकरीही ‘कुश्टी’ असू शकते. ‘कुशी’ मात्र नाही.

पहिल्या महायुद्धात ‘कुशी’ ब्रिटिश सैनिकांच्या तोंडी रुळला. तो ‘कुशन’वरून आला, असं काहींना वाटतं. मऊपणा जुळतो खरा, पण ‘कुशन’ फ्रेंचमधून आलेला, घरातल्या बैठकीचा शब्द. ‘कुशी’ वाढला तो छावणीत. ‘विलायती’चा ‘ब्लायटी’ झाला तोही हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींतच. म्हणून माझं मत फारसी-हिंदुस्तानी ‘खुश’च्या बाजूने आहे.

यावर एक आक्षेप येतो: खुश असतो माणूस, नोकरी कशी खुश असेल? उत्तर मराठीतच सापडलं आणि मी हरखून गेलो. ‘खुशबू’ म्हणजे आनंदी झालेला वास नव्हे, ‘खुशखबर’ म्हणजे हसणारी बातमी नव्हे. फारसीत ‘खुश’ म्हणजे सुखद, रुचेल असं. हाच जुना अर्थ ‘कुशी’त टिकला. इंग्रजीतही काम ‘कुशी’ असतं. काम करणाऱ्याला कुणी ‘कुशी’ म्हणत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, दोन्ही शब्द रोमानींचे, म्हणजे जिप्सींचे. ‘कुश्टी’पुरतं हे मान्य. जॉर्ज बॉरोच्या १८७४च्या रोमानी शब्दसंग्रहात ‘कुश्टो’ म्हणजे ‘चांगला’ असं आहे. रोमानी विशेषणं पुल्लिंगी ‘ओ’कारान्त, स्त्रीलिंगी ‘ई’कारान्त, इंग्रजीने ‘ई’चं रूप उचलल्यासारखं दिसतं. पण ‘कुशी’ही त्यातूनच निघाला असता, तर ‘ट’ गळाला का आणि ‘चांगला’चा ‘बिनकष्टाचा’ झाला कसा?

मग खुद्द ‘कुश्टो’ कुठला? रोमानी भारतीय कुळातली भाषा, आणि पश्चिमेला जाताना तिने फारसी शब्दही घेतले. हाही ‘खुश’चाच वंशज, असा माझा अंदाज. त्या ‘ट’चा हिशेब लागत नाही, हा या तर्कातला कच्चा दुवा. तरी मी तो सोडणार नाही: एकच शब्द रोमानींबरोबर खुष्कीच्या मार्गाने गेला आणि कित्येक शतकांनी सैनिकांबरोबर जहाजातून. वाटा वेगळ्या, म्हणून अर्थ वेगळे; ‘कुशी’ हे ‘कुश्टी’चं झिजलेलं रूप मुळीच नाही.