आजीच्या पंच्याहत्तरीचं कुळ

ठाण्यात माजिवड्याला घोडबंदर रस्ता आणि नाशिकचा महामार्ग एकमेकांपासून फुटतात. त्या फाट्याच्या आसपास आगरी-कोळ्यांचं जुनं गावठाण आहे आणि त्याला खेटून उंच इमारतींची संकुलं. या संकुलांच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी जे समारंभ होतात, त्यांत हल्ली एक नेमानं असतो : घरातल्या आजीची पंच्याहत्तरी. कणकेच्या दिव्यांनी औक्षण होतं, शाल-श्रीफळ दिलं जातं, केक कापला जातो. नातवंडांनी जुने फोटो जोडून चित्रफीत केलेली असते. मग ‘दोन शब्द’ सुरू होतात आणि तास-दीड तास चालतात. मुलगा बोलतो, सून बोलते, माहेरची वहिनी बोलते, ऑफिसातली मैत्रीण बोलते, भजनी मंडळातल्या काकू बोलतात. एखाद्या घरात सगळ्यांनी लिहून दिलेल्या आठवणींची छोटी स्मरणिकाही निघते.

हे सगळं इतकं ओळखीचं वाटतं, की पूर्वापार चालत आलं असावं असा समज होतो. त्यातल्या एकेका रीतीचं वय पाहिलं तर काही शेकडो वर्षांच्या, काही शंभर-सव्वाशे वर्षांच्या, काही आपल्या डोळ्यांदेखत जन्मलेल्या. पण त्या सगळ्या एका बाईभोवती, तिच्याच वाढदिवशी आणि तिच्यासमोर एकत्र येणं ही गोष्ट फार अलीकडची आहे.

वडीलधाऱ्या बाईचा जाहीर सन्मान म्हटलं की महाराष्ट्रात पहिली आठवण यावी ती ६ जानेवारी १६६५ची. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरी जिजाबाईंची सुवर्णतुला केली आणि तिथंच वृद्ध सोनोपंत डबीरांचीही केली. जिजाबाईंचं जन्मसाल १५९८ मानलं जातं, म्हणजे त्या सदुसष्टीच्या उंबरठ्यावर होत्या. पण निमित्त त्यांच्या वयाचं नव्हतं. ग्रहणाच्या पर्वकाळात दान करायचं होतं, आणि त्या दानाचं माप लेकानं आईच्या वजनावर ठरवलं. मला यात मोठी माया दिसते. तरी जिजाऊंचा जन्मदिवस हाच सोहळा व्हायला पुष्कळ काळ जावा लागला. आज १२ जानेवारीला सिंदखेडराजाला माणसं लोटतात ती त्या दिवसासाठी. घरगुती समारंभात आजीची गूळतुला, पेढेतुला किंवा ग्रंथतुला होते, तिचं मूळ या तुलादानाच्या रीतीत आहे.

वाढदिवसाचा शास्त्रोक्त विधीही जुनाच. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९०च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिला, त्यात वर्धापनाचा विधी सांगितला आहे. जन्मतिथीला तिळाचं उटणं लावून स्नान करावं, कुलदेवता, जन्मनक्षत्र, मार्कंडेय आणि चिरंजीवांची पूजा करावी, तीळ-गूळ घातलेलं दूध प्यावं. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम : ज्यांच्याकडे दीर्घायुष्य मागायचं ते सातही चिरंजीव पुरुष. या मांडणीत त्यांच्याबरोबर षष्ठीदेवी येते, तिला दहीभाताचा नैवेद्य असतो. षष्ठी म्हणजे आपली सटवाई, बाळंतिणीच्या खोलीत येऊन कपाळावर लिहून जाणारी. जन्माशी तिचा हा असा निकटचा संबंध.

पुढच्या वयासाठी शांती आहेत. पन्नाशीला वैष्णवी, साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, पंच्याहत्तरीला ऐंद्री. हजार पौर्णिमा पाहून झालेल्या माणसाचं सहस्रचंद्रदर्शन होतं. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त, त्यामुळे हजारावी पौर्णिमा ऐंशी वर्षं आणि सुमारे दहा महिन्यांनी येते. अधिकमास त्या हिशेबात आपोआप मोजले जातात. हा हिशेब मला फार आवडतो, कारण आकाशातल्या चंद्राला वय मोजायला लावणारं असं गणित दुसरीकडे क्वचितच सापडेल.

पण साठीशांतीचा यजमान कोण? घरचा कर्ता पुरुष. साठी त्याची, संकल्प त्याचा. बायको शालू नेसून त्याच्या उजव्या अंगाला बसायची आणि त्याच्या हाताला हात लावायची. तिची स्वतःची साठी केव्हा आली नि गेली, हे घरात बहुतेक कुणाच्या लक्षातही नसायचं. औक्षणाचंही तसंच. पाडव्याला नवऱ्याला, भाऊबीजेला भावाला, वाढदिवसाला मुलाला ओवाळणारे हात तिचे. तबक तिच्या हातात असायचं, पाटावर बसायची वेळ तिच्यावर क्वचित यायची.

मुळात तिचं वय नेमकं लिहिलेलंच नसे. बाईच्या वयाचा प्रश्न मराठी समाजात चव्हाट्यावर आला तो लग्नाच्या निमित्तानं. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यानं दहाची मर्यादा बारावर नेली, त्यावर पुण्या-मुंबईत रान पेटलं. १९२९च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं. ती केव्हा लग्नाला योग्य झाली एवढ्यापुरतं तिचं वय मोजलं जाई. पुढे ती किती वर्षांची झाली याची चौकशी कुणी करत नसे. ‘प्लेगच्या साली’, ‘मोठ्या पुराच्या आदल्या वर्षी’, ‘नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी’ अशा खुणांवर जन्म लक्षात राहायचे. शाळेत घातलं तर गुरुजी दाखल्यावर १ जून टाकत, कारण जूनमध्ये शाळा सुरू व्हायची आणि मुलाचं वय तेव्हा प्रवेशापुरतं भरायला हवं असायचं. आज महाराष्ट्रात १ जूनला एवढ्या आजी-आजोबांचे वाढदिवस येतात, त्याचं कारण हेच. आजीची पंच्याहत्तरी करायची म्हणजे आधी तिच्या भावंडांत बसून तारीख जुळवावी लागते, आणि खरं सांगायचं तर समारंभ तिथूनच सुरू होतो. जन्मतारखेचा माग काढताना तिचं बालपण पहिल्यांदाच घरच्यांच्या कानांवर पडतं.

याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात, शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी साडी नेसून, पाठीला दप्तर लावून अक्षरं गिरवायला आल्या. लेकरांच्या दाखल्यावर अंगठा उठवणाऱ्या बायका त्या वयात स्वतःचं नाव लिहायला शिकल्या. पंच्याहत्तरीच्या कुळकथेत मी या शाळेला मानाचं पान देईन.

‘दोन शब्द’ आणि स्मरणिका हा धागा मात्र सार्वजनिक जीवनातून घरात आला. २३ जुलै १९१६ला लोकमान्य टिळकांची साठ वर्षं पूर्ण झाली, तेव्हा पुण्यात गायकवाडवाड्यात सत्कार होऊन एक लाख रुपयांची थैली त्यांना देण्यात आली आणि त्यांनी ती देशकार्याला वाहिली. पुढल्याच वर्षी, ६ जुलै १९१७ला, डॉ. रा. गो. भांडारकर ऐंशी वर्षांचे झाले. त्या दिवशी त्यांच्या नावाच्या संस्थेची स्थापना झाली आणि विद्वानांच्या लेखांचा गौरवग्रंथ त्यांना अर्पण करण्यात आला. मानपत्र, सत्कार, गौरवांक, त्यावर सत्कारमूर्तींचं उत्तर : हा साचा तेव्हा पक्का झाला. तो पुरुषांच्या मापाचा होता. महर्षी कर्वे यांची शंभरी १९५८ साली देशानं साजरी केली, त्यांना त्याच वर्षी भारतरत्न मिळालं. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, १९५०मध्येच गेल्या होत्या. विधवा असताना १८९३मध्ये पुनर्विवाह करून अख्ख्या गावाचा बहिष्कार सोसलेली ही बाई. तिची गोष्ट आपल्याला वाचायला मिळते ती ‘माझे पुराण’ या १९४४च्या पुस्तकात, आणि ते संपादित केलं त्यांच्या सुनेनं, कावेरी कर्वे यांनी. सासूचं सांगणं सुनेनं कागदावर आणावं, ही आजच्या घरगुती स्मरणिकेची खरी पूर्वज वाटते मला.

मैत्रिणींचा भाग सगळ्यांत नवा. शांतीला भटजी, सोयरे, भाऊबंद असत. बाईच्या स्वतःच्या मैत्रिणींना तिथे जागाच नव्हती, कारण लग्न झाल्यावर मैत्रिणी मागे पडायच्या. कल्याण-डोंबिवली-ठाण्याच्या बायका नोकरीला लागल्या आणि लोकलच्या महिला डब्यात त्यांना वर्षानुवर्षांच्या मैत्रिणी मिळाल्या. भाजी निवडत, भजनं म्हणत, भिशी लावत चाललेल्या या डब्यांत दसऱ्याला तोरण लागतं, डोहाळजेवण होतं, निवृत्त होणारीला निरोप दिला जातो, वाढदिवसही होतात. उभ्या उभ्या, कांजूर ते दादरच्या दरम्यान, एकीनं दुसरीविषयी चार चांगले शब्द सर्वांसमोर बोलायची सवय मला वाटतं इथंच लागली. नंतर ती ज्येष्ठ नागरिक संघांत आणि सोसायटीच्या हॉलमध्ये आली. पंच्याहत्तरीला सगळ्यांत मोकळं बोलतात त्या याच गाडीतल्या मैत्रिणी. मुलाला ठाऊक नसलेली आई त्यांना ठाऊक असते : पहिल्या पगारात काय घेतलं, कोणत्या दिवशी रडली, साहेबांना काय सुनावलं.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी हा समारंभ मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पंच्याहत्तरीपर्यंत पोचलेल्या कितीतरी बायका नवऱ्याच्या माघारी एकट्या असतात. जुन्या रिवाजात हळदीकुंकवाला, ओटीला, लग्नाच्या मुहूर्ताला त्यांनी मागे सरायचं असे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. त्याच दिशेचं काम आजीचा वाढदिवस कोणताही ठराव न करता करतो. जन्माला नवऱ्याच्या असण्या-नसण्याशी काही देणंघेणं नाही. म्हणून पाटावर ती बसते, कुंकू तिला लागतं, आणि जाऊबाई, सुना, लेकी, विहीणबाई सगळ्या तिला ओवाळतात. कुठे एखादी जुनी बाई कुंकवाचं बोट अजून आखडतं घेते. अशा वेळी बहुतेक नातच पुढे होते आणि आजीला कुंकू लावते.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर माईक आजीच्या हातात देतात. ‘मी काय बोलणार?’ असं म्हणून ती तो परत करायला बघते, तेव्हा घरच्यांनी घाई करून पुढचं जेवणाचं जाहीर करू नये. सत्कारमूर्तीचं उत्तर हा १९१६च्या त्या साच्यातला हक्काचा भाग आहे. जरा थांबलं तर ती बोलते : आईविषयी, शाळा सोडावी लागली त्या वर्षाविषयी, चाळीतल्या शेजारणीविषयी, जिनं तिला शिवण शिकवलं. ते कुणीतरी ध्वनिमुद्रित करून ठेवावं आणि त्यावर तारीख घालावी.