बी. प्रभा
(१९३३ – २० सप्टेंबर २००१). मराठी चित्रकर्त्री. जन्म नागपूरजवळच्या बेला येथे. नागपुरात प्राथमिक कलाशिक्षण घेऊन त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत पदविका मिळवली. विद्यार्थिदशेतच त्यांची तीन चित्रे शास्त्रज्ञ होमी भाभांनी विकत घेतली. १९५६ मध्ये शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी एअर इंडियाने प्रभा यांची सहा चित्रे प्रत्येकी साडेसत्याऐंशी रुपयांना विकत घेतली. या विमान कंपनीच्या नामवंत चित्रसंग्रहाची ही सुरुवात होय. सुरुवातीला त्यांच्यावर चित्रकर्त्री अमृता शेरगिल यांचा प्रभाव होता. उंच मानेच्या, सडपातळ, काहीशा उदास कोळणी व कष्टकरी स्त्रिया ही त्यांची ओळख. बहुधा एकाच रंगाच्या छटांत चित्र उभे राहते. दुष्काळ व भूक हे विषयही त्यांनी हाताळले. क्वचित ही शैली ठरीव वाटते, परंतु चित्रांतल्या स्त्रिया दयेची याचना करत नाहीत. नागपुरात त्यांचे निधन झाले.