देवघरातले पागनीस

आमच्या जुन्या घरातल्या देवघरात मंगेशाच्या तसबिरीशेजारी तुकोबांचा एक फोटो असायचा. डोक्याला पागोटे, कपाळावर गंध, गळ्यात तुळशीची माळ आणि कुठेतरी दूर लागलेली नजर. वास्कोच्या सप्ताहाच्या फेरीतून आजीने तो कधीतरी आणला होता. रोज सकाळी इतर देवांबरोबर त्यालाही एक फूल मिळायचे.

मी शाळेत असताना एकदा दूरदर्शनवर ‘संत तुकाराम’ लागला. शेजारचेही बघायला आले होते. पडद्यावर तुकोबा दिसले आणि मी ओरडलो, "अरे, हे तर आपल्या देवघरातले!" श्रेयनामावलीत नाव होते विष्णुपंत पागनीस. मोठा शोध लागल्यासारखा मी आजीला सांगायला धावलो, की तू ज्याला फूल वाहतेस तो तुकाराम नव्हे, सिनेमातला नट आहे. आजी वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "फोटो कोणाचोय आसूं दी, हात हांव तुकोबाक जोडटां."

आजी जाऊन बरीच वर्षे झाली. गेल्या वर्षी घराला रंग काढला तेव्हा देवघर रिकामे केले आणि देव परत मांडताना धाकटा भाऊ म्हणाला, "हा फोटो आता राहू दे. नटाला कशाला पुजायचे?" बोलणे तर्काला धरून होते. शिवाय ही माहिती घरात मीच आणलेली! मला उत्तर सुचले नाही. फोटो कपाटात गेला आणि मी मात्र त्या चित्रपटामागच्या माणसांविषयी मिळेल ते वाचू लागलो. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

‘संत तुकाराम’ हा पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा चित्रपट. १९२९ साली कोल्हापुरात व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी प्रभात काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला हलवली. प्रभात म्हटले की आपल्याला आधी शांताराम आठवतात. पण हा चित्रपट दिग्दर्शित केला तो दामले आणि फत्तेलाल या जोडीने. दोघेही मूळचे कारागीर. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. परदेशी कॅमेरा परवडेना तेव्हा पेंटरांनी कोल्हापुरातच कॅमेरा बनवला, त्या खटपटीत दामले त्यांचे उजवे हात होते. बोलपट आल्यावर दामल्यांनी ध्वनिमुद्रण सांभाळले, फत्तेलालांनी नेपथ्य. एकाने कान दिला, दुसऱ्याने डोळा.

फत्तेलालांना स्टुडिओत सगळे ‘साहेबमामा’ म्हणत. देहूची ती घरे, ते विठ्ठलाचे देऊळ, दाराशी बांधलेली म्हैस, हे जग त्यांच्या नजरेतून उभे राहिले. वारकऱ्यांच्या तुकोबांची देहू एका मुसलमान कलावंताने रचली, आणि बघणाऱ्याला ते देऊळ रंगवलेले आहे असे क्षणभरही वाटले नाही. माझ्या भावाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मला इथे दिसू लागले.

आता पागनिसांचे बघा. ते संगीत रंगभूमीवरचे स्त्रीपार्टी नट. बोलपटांनी नाटक मंडळ्यांना ग्रहण लावले होते, आणि अशा नटाला तुकोबाची भूमिका देणे हे धाडसच होते. आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, प्रभातने ‘धर्मात्मा’त साक्षात बालगंधर्वांना एकनाथ केले होते. पण रंगभूमीवरची त्यांची जादू पडद्यावर उतरली नाही. तो अनुभव ताजा असताना पुन्हा एका स्त्रीपार्टी नटाला संत करायचे म्हणजे शंका घेणारे असणारच.

पण पागनिसांच्या अंगी भजन मुरलेले होते. या चित्रपटात ते स्वतः गातात, आणि गाताना अभिनय करतो आहोत हे विसरल्यासारखे दिसतात. त्यानंतर सिनेमावाल्यांनी त्यांना संतपणातून सोडलेच नाही. ‘संत तुलसीदास’ (१९३९) आणि ‘नरसी भगत’ (१९४०) याच वाटेने गेले. १९४३ मध्ये ते वारले. तुकोबांच्या काळी फोटो कुठला असायला? ती रिकामी जागा लोकांनी पागनिसांच्या चेहऱ्याने भरली. पुढे कितीतरी तसबिरींत आणि कॅलेंडरांत तोच चेहरा तुकोबा म्हणून आला.

जिजाईचे काम गौरी या नटीने केले. प्रभातमध्ये किरकोळ कामे करता करता पुढे आलेली ही बाई. तिच्या वागण्याबोलण्यात नाटकी म्हणून काही नाही. पोर आजारी पडल्यावर ती हातात वहाण घेऊन थेट विठोबावर चालून जाते. आमच्याकडच्या सगळ्या बायका तिथे हसल्या होत्या आणि लगेच त्यांच्या डोळ्यांना पदरही लागले होते. तुकोबा आकाशाकडे बघतात, ही चुलीकडे. शेवटी विमान येते तेव्हाही तिला घर आणि मुले दिसत असतात. पटकथाकार शिवराम वाशीकरांनी चमत्कारांइतकीच जागा या चुलीला दिली, म्हणून तो चित्रपट आजही घरचा वाटतो.

सगळ्यात मौज गीतांची आहे. संगीत केशवराव भोळ्यांचे. अभंग अर्थातच गाथेतले, पण काही पदे शांताराम आठवल्यांनी नव्याने लिहिली. त्यांतले बी आणि झाडाच्या दृष्टान्ताचे पद इतके अस्सल उतरले की लोकांनी ते तुकोबांचेच मानले. जाणकारही ते गाथेत शोधू लागले. आमच्या गावच्या भजनातही ते तुकोबांच्या नावावरच म्हटले जाते.

आता चित्रपटाची सुरुवात आठवा. तुकोबा तल्लीन होऊन अभंग गातात आणि लगेच सालोमालो तोच अभंग आपला म्हणून ठोकून देतो. दुसऱ्याचे काव्य आपल्या नावावर खपवणारा हा भोंदू नट भागवतांनी असा रंगवला की त्याचे नाव मराठीत म्हणीसारखे झाले. आणि त्याच चित्रपटात एका कवीने आपले काव्य तुकोबांच्या नावात विरघळू दिले. सालोमालोच्या बरोबर उलट! मी सरकारी कारकून आहे. कोणत्या कागदावर कोणाची सही, यातच माझा दिवस जातो. म्हणून असेल, पण हे ध्यानात आले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ गप्प बसलो.

१९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट लागला आणि ५७ आठवडे चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली.  दामले-फत्तेलालांनी पुढे ‘गोपाळकृष्ण’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ केले. १९४५ साली दामले गेले, पुढे प्रभातही बंद पडली. १९६० मध्ये त्याच आवारात सरकारची फिल्म संस्था सुरू झाली. कामानिमित्त पुण्याला गेलो असता मी मुद्दाम त्या फाटकापर्यंत जाऊन आलो. आत कुठेतरी विठोबाचे देऊळ उभे केले होते आणि काम संपल्यावर मोडून टाकले होते, एवढाच विचार मनात आला.

परत आल्यावर फोटो कपाटातून काढला. भावाला म्हटले, "नटाला पुजायचे नाही हे कबूल. पण या माणसांनी स्वतःला बाजूला ठेवून तुकोबांना पुढे केले. आजीला ते न वाचता कळले होते." तो म्हणाला, "मग लाव परत." मी लावला. लावण्याआधी मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने नावे लिहिली: पागनीस, गौरी, दामले, फत्तेलाल, वाशीकर, भोळे, आठवले. कारकुनाची सवय, दुसरे काय!

फूल मात्र पुढच्या बाजूला वाहिले जाते.